ओव्हनमधला हलूमी: कोरडा भाजा नाहीतर रश्शात बुडवा, मधलं काही नको

हलूमी (सायप्रसचं पांढरं, खारट चीज) आणला की बहुतेक जण तो तव्यावरच टाकतात, दोन्ही बाजूंनी तांबूस केला की झालं, आणि ते लागतंही छानच. पण चार माणसं जेवायला असली की तव्यापाशी उभं राहून बॅचेस काढत बसायचं आणि शेवटची बॅच होईस्तोवर पहिली थंडगार आणि चिवट, हे काही खरं नाही. म्हणून ओव्हन. एकदा ट्रे आत गेला की आपण मोकळे, भांडीही कमी. फक्त ओव्हनमध्ये हलूमी बिघडतो तोही एका ठरावीक पद्धतीने, ते आधी समजून घ्या म्हणजे पुढच्या सगळ्या रेसिप्या सोप्या आहेत.

तर मुद्दा असा की हा चीज वितळत नाही. मोझरेला किंवा आपलं अमूलचं चीज गरम झालं की पसरतं, ताणतं, हलूमी तसं काहीच करत नाही, तुकडा घातला तसा तुकडाच बाहेर येतो. कारण तो बनतोच तसा. सायप्रसमध्ये मेंढीचं, शेळीचं, हल्ली गायीचंही दूध घेऊन त्याला रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) लावतात, दही घट्ट झालं की कापून दाबतात, आणि मग त्या लाद्या त्याच दुधाच्या निवळीत ९० अंशांच्या वर निदान अर्धा तास शिजवतात. म्हणजे आपल्या हातात येतो तेव्हा तो आधीच एकदा शिजलेला असतो. शिवाय त्यात विरजण घालून आंबवायची पायरी नसते, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम प्रोटीनला घट्ट धरून राहतं आणि गरम केलं तरी ती जाळी सुटत नाही. पनीरही वितळत नाही पण त्याची गोष्ट वेगळी, ते लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं, बिनमिठाचं आणि भुसभुशीत.

वितळत नाही म्हटल्यावर ओव्हनमध्ये त्याचं होतं काय, तर तो सुकतो. आच कडक असेल तर बाहेरून पटकन खरपूस होतो आणि आतला ओलावा टिकतो. आच मध्यम आणि वेळ जास्त असेल तर बाहेर रंगही येत नाही आणि आतलं पाणी हळूहळू उडून जातं, मग जे उरतं ते खोडरबर. लोक म्हणतात ना की ओव्हनमधला हलूमी चिवट होतो, तो ओव्हनमुळे नाही, १६०-१७० वर पाऊण तास भाज्यांसोबत ठेवल्यामुळे. म्हणून रस्ते दोनच. एक, कडक आच, थोडा वेळ, कोरडा ट्रे. दुसरा, टोमॅटोच्या रश्शात अर्धा बुडवून, म्हणजे बुडालेला भाग सुकायची सोयच नाही. खाली जे काही दिलंय ते या दोन्हीपैकी एका खात्यात बसतं.

विकत घेताना

इकडे यूकेत कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो, दुबईकडच्या मंडळींना तर सांगायलाच नको. तिथे एकाच काउंटरवर अक्कावी नावाचा दुसरा चीजही ठेवलेला असतो, दिसायला तसाच पांढरा, पण तो गरम झाल्यावर ताणतो, तेव्हा लेबल वाचून घ्या. युरोपात ऑक्टोबर २०२१ पासून हलूमी हे नाव फक्त सायप्रसमध्ये बनलेल्या चीजलाच लावता येतं (तुर्की नाव हेलिम, तेही त्यातच आलं), म्हणून जर्मनीत तुम्हाला त्याच्या शेजारी ‘ग्रिलकेझ’ नावाचे भाऊबंद दिसतील, ते गायीच्या दुधाचे असतात, स्वस्त असतात, ओव्हनमध्ये चालतात, चव जरा सपक. भारतात मोठ्या शहरांमध्ये आयात केलेलाही मिळतो आणि इथलेच काही चीजवालेही बनवतात.

शाकाहारी असाल तर पाकिटाच्या मागे बघाच. पारंपरिक हलूमीला करडाच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट लावायचे. दुकानातल्या बऱ्याच पाकिटांवर आता शाकाहारी असल्याचं छापलेलं असतं, पण सगळ्यांवर नाही, आणि एखाद्या श्रावणात पाहुण्यांना खाऊ घातल्यावर कळण्यापेक्षा आधी बघितलेलं बरं.

मेंढी-शेळीचं दूध जास्त असेल तर वास आणि चव दोन्ही जोरदार असतात, पहिल्यांदा खाणाऱ्याला जड वाटू शकतं. घरात लहान मुलं असतील तर गायीचं दूध जास्त असलेला घ्या. आणि मिठाच्या निवळीत चाळीसेक दिवस मुरवलेला जुना हलूमी मिळतो तो ट्रे बेकसाठी नको, फार खारट आणि कडक, तो तिकडचे लोक किसून पास्त्यावर घालतात.

मीठ, मीठ आणि मीठ

पाकिटावर बघा, शंभर ग्रॅमला साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ लिहिलेलं सापडेल. म्हणजे २२५ ग्रॅमच्या एका पाकिटात जवळपास एक टीस्पून मीठ आधीच बसलंय. आता यात तुम्ही भाजीला नेहमीसारखं मीठ लावलं, वर ऑलिव्ह घातले, वरून चाट मसाला भुरभुरवला (ज्यात काळं मीठ असतं) तर जेवण संपल्यावर घरभर पाण्याच्या बाटल्या फिरतील. म्हणून नियम साधा: हलूमी असलेल्या पदार्थात तो हलूमी हेच मीठ. बाकी कशातही मीठ घालायचं नाही, अगदी शेवटी चाखून वाटलंच तर चिमूटभर.

खारटपणा जास्तच वाटत असेल तर काप करून साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा, एकदा पाणी बदला. पूर्ण लादी भिजवून उपयोग नाही, पाणी आतपर्यंत जात नाही. पण भिजवलात तर नंतर पुसणं आलंच, आणि नीट पुसणं. स्वच्छ पंचावर काप मांडा, वरून दुसरा पंचा, हाताने दाबा. ओला हलूमी ट्रेमध्ये गेला की पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी आटवण्यात जातात आणि तेवढ्यात आतूनही सुकतो. न भिजवता थेट पाकिटातून काढलात तरी पुसा, पाकिटातलं पाणी त्याला लागलेलं असतंच.

कापायचा कसा

पाकिटातून काढलेली लादी जरा नीट बघा. बऱ्याच लाद्यांना मधोमध एक घडी असते, कारण शिजवून झाल्यावर गरम असतानाच तिला मीठ आणि पुदिना लावून दुमडतात, घडीच्या फटीत पुदिन्याचे हिरवट काळे कण दिसतील. ही घडी म्हणजे कमकुवत जागा. घडीला आडवे काप केले की प्रत्येक काप मधून चिरतो आणि उलटताना दोन तुकडे होतात. म्हणून आधी घडीतूनच हाताने हलके उघडून दोन पातळ लाद्या करून घ्या आणि मग त्यांचे हवे तसे काप किंवा चौकोन करा. घडी नसलेली लादी असेल तर प्रश्नच नाही.

जाडी एक सेंटिमीटर, थोडी जास्त चालेल, कमी नको. अर्ध्या सेंटिमीटरचे काप तव्यावर ठीक आहेत, तिथे दोन मिनिटांत काम होतं, ओव्हनमध्ये त्यांचे पापड होतात.

ओव्हनबद्दल थोडं

मी खाली फॅन ओव्हनचं तापमान देतेय. फॅन नसेल तर २० अंश वाढवा. भारतात ओटीजी असेल तर वरखाली दोन्ही रॉड चालू, कन्व्हेक्शन असेल तर तेही चालू, ट्रे मधल्यापेक्षा एक खाच वर. प्रीहीट खरंच करा, पंधरा मिनिटं तरी, कारण इथे सगळा खेळ पहिल्या काही मिनिटांच्या कडक आचेचा आहे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये यातलं काहीही होणार नाही. कन्व्हेक्शनवाला असेल तर कन्व्हेक्शन मोडवर होईल, थोडा वेळ जास्त.

एअर फ्रायर म्हणजे छोटा फॅन ओव्हनच, तिथे २०० वर आठ ते दहा मिनिटं, तुकडे एकमेकांना न चिकटवता. एकट्यादुकट्याला तोच बरा.

ट्रे मोठा घ्या. ही गोष्ट लोक कायम टाळतात. छोट्या ट्रेमध्ये ढीग केला की खालचं वरचं सगळं एकमेकांच्या वाफेत शिजतं आणि रंग कशालाच येत नाही. फॉइलने झाकायचं तर अजिबातच नाही.

सगळ्यात कामाचा: भाज्यांचा ट्रे बेक

हा एकदा जमला की रेसिपी बघावी लागत नाही. तीन-चार जणांना २२५-२५० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं, सोबत ब्रेड किंवा भात धरून.

दोन लाल-पिवळ्या सिमला मिरच्या, एक मोठा लाल कांदा, एक झुकिनी, आणि एक डबा छोले निथळून घ्या, घरचे उकडलेले असतील तर दीड वाटी (उकडताना मीठ नको हं). सिमला मिरचीचे मोठे तुकडे, कांद्याच्या जाड फोडी, बुंध्याकडचा भाग तसाच ठेवून म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. झुकिनी जरा जाड कापा कारण तिच्यात पाणी फार. छोले पुसून घ्या, पुसलेले छोले कुरकुरीत होतात आणि ओले छोले ओलेच राहतात. या सगळ्याला तीन टेबलस्पून ऑलिव्ह तेल, एक टीस्पून जिरेपूड, अर्धा टीस्पून लाल तिखट, एक टीस्पून ओरेगानो, चार-पाच सोललेल्या अख्ख्या लसूण पाकळ्या. मीठ नाही. हाताने चोळा, ट्रेमध्ये एका थरात पसरा, २०० वर पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा हलवा.

आता ही पंचवीस मिनिटं हलूमीशिवाय. हेच खरं गुपित आहे म्हणा हवं तर, इंटरनेटवरच्या कितीतरी रेसिप्यांमध्ये सगळं एकदम ट्रेमध्ये घालून चाळीस मिनिटं सांगितलेलं असतं आणि मग चीज रबर झालं म्हणून लोक चीजला नावं ठेवतात. भाज्यांच्या कडा काळपट व्हायला लागल्या, तळाशी पाणी उरलं नाही, की ट्रे बाहेर काढा, मूठभर चेरी टोमॅटो टाका आणि पुसलेले हलूमीचे दोन सेंटिमीटरचे चौकोन भाज्यांच्या वर मांडा. मिसळू नका, वर. प्रत्येकाला थोडं तेल लागलेलं असू द्या. तापमान २१०-२२० करा, परत आत, बारा ते पंधरा मिनिटं.

काचेतून बघत राहिलात तर दिसेल, पहिली पाच-सहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, उलट तुकड्यांभोवती पांढुरकं पाणी सुटतं आणि बारीक बुडबुडे येतात. घाबरून बाहेर काढू नका. ते पाणी उडालं की मग कडांना आधी पिवळसर आणि मग दोन-तीन मिनिटांतच तपकिरी रंग धरतो, इथून पुढे वेग वाढतो, तेव्हा फोन खाली ठेवून ओव्हनपाशीच थांबा. कोपरे तपकिरी आणि मधला भाग सोनेरी झाला की झालं. रंग आलाच नाही आणि पंधरा मिनिटं होऊन गेली तर वेळ वाढवू नका, वरचा ग्रिल दोन मिनिटं लावा.

बाहेर काढल्या काढल्या अर्ध्या लिंबाचा रस, भरपूर ताजा पुदिना आणि मिरपूड. लिंबू हवंच, खारट आणि तेलकट चवीला तेच आवरतं. भाजलेल्या लसूण पाकळ्या काट्याने दाबून दोन चमचे दह्यात मिसळल्या की सोबत घ्यायला काहीतरी होतं, त्यातही मीठ नको.

भाज्या बदला हव्या तशा. भोपळा, रताळं, फ्लॉवर छान जातात पण त्यांना आधीचा वेळ तीस-पस्तीस मिनिटं लागतो. वांगं जातं, तेल जास्त पितं एवढंच. भेंडी मला आवडते यात, उभी चिरून, इकडच्या मित्रमैत्रिणींना पटत नाही. पालेभाज्या नकोत. बटाटा घालायचा तर आधी अर्धवट उकडून.

मसाला लावून तासभर मुरवत ठेवायचं का, असं हमखास विचारलं जातं. पनीर टिक्क्यासारखं दह्यात मुरवून फारसं हाती लागत नाही कारण हलूमी आतून गच्च असतो, मसाला वरवरच राहतो, आणि दह्याचं पाणी ट्रेमध्ये सुटून रंग यायला उशीर होतो. तेलात मसाला कालवून ब्रशने लावा, लगेच ट्रेमध्ये, तेवढाच परिणाम.

रश्शातला

दुसरा रस्ता, आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यात मला हाच जास्त आवडतो. इथे चुकायला जागा कमी आहे, पाहुणे अर्धा तास उशिरा आले तरी बिघडत नाही.

ओव्हनमध्ये चालणारं पसरट भांडं किंवा लोखंडी पॅन घ्या. गॅसवर तीन टेबलस्पून ऑलिव्ह तेलात एक बारीक चिरलेला कांदा मऊ करा, चार लसूण पाकळ्या ठेचून, अर्धा टीस्पून चिली फ्लेक्स, मग ४०० ग्रॅमचा टोमॅटोचा डबा. भारतात असाल तर सहा-सात पिकलेले टोमॅटो किसून घ्या, साल हातात राहते. अर्धा टीस्पून साखर, ओरेगानो, असेल तर दालचिनीचा छोटा तुकडा, सायप्रस-ग्रीसकडे टोमॅटोच्या रश्शात दालचिनी सर्रास असते आणि ती हलूमीच्या खारटपणाला फार छान बसते. दहा-बारा मिनिटं उकळू द्या. रस्सा चमच्यावरून ओघळेल इतपत पातळ ठेवा, कारण ओव्हनमध्ये तो अजून आटणार आहे. चाखलात तर अळणी लागेल. लागू दे.

मग एक सेंटिमीटरचे काप रश्शात तिरके खोचा, अर्धे आत अर्धे बाहेर. मध्ये मध्ये काळे ऑलिव्ह सात-आठ, जास्त नकोत. वर थोडं तेल, १९०-२०० वर वीस मिनिटं. बुडालेला भाग मऊ राहतो आणि त्याचं मीठ रश्शात उतरतं, वर राहिलेली कड भाजली जाते, एकाच कापात दोन्ही. रश्शाला बुडबुडे येऊन भांड्याच्या कडेला गडद रेघ जमली की बाहेर काढा. पाच मिनिटं थांबा नाहीतर टाळू भाजेल.

कुरकुरीत ब्रेडबरोबर खातात हे खरं, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर हा रस्सा काय लागतो ते एकदा बघाच. हलूमी मिळालाच नाही तर या पदार्थात पनीर चालतं, फक्त काप अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून घ्या आणि रश्शात थोडं मीठ घाला. ट्रे बेकला मात्र पनीर त्या जागी बसत नाही, ते लवकर कोरडं पडतं.

उरलेल्या रश्शात दुसऱ्या दिवशी पास्ता.

अख्खी लादी

पार्टीला मध्यभागी ठेवायला. लादी घडीतून उघडू नका, अख्खीच पुसून घ्या, वरून सुरीने तिरके छेद द्या, चौकटी पडतील असे, अर्ध्यापर्यंतच, आरपार नाही. लहान भांड्यात ठेवा, टेबलस्पूनभर ऑलिव्ह तेल, थाइम किंवा ओरेगानो, चिली फ्लेक्स, २०० वर वीस मिनिटं. मग मध, लिंबू आणि तीळ एकत्र करून वर ओता आणि अजून पाचच मिनिटं. मध सुरुवातीपासून घातला की जळून कडू होतो आणि भांडं घासताना जीव जातो. मधाचं प्रमाण एक टीस्पून, फार तर दोन. हल्ली व्हिडिओंमध्ये वाटीभर मध ओततात, मग ते गोड पदार्थात जमा होतं, मला तरी नाही आवडत.

ही लादी टेबलावर गेली की लगेच संपली पाहिजे. थंड झाली की दाताखाली चुंई चुंई वाजायला लागते, आणि ती मजा दोन घासांपुरतीच.

फ्राइज

बोटाएवढे जाड तुकडे, कोरडे करून दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि अर्धा टीस्पून लाल तिखट यात घोळवायचे, जास्तीचं पीठ झटकायचं, ट्रेमध्ये आधी तेल घालून ट्रेच गरम करून घ्यायचा आणि त्या तापलेल्या तेलात मांडायचे, चर्र आवाज आला पाहिजे. वरून थोडं तेल, २१० वर पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तळलेल्याची सर येत नाही पण जवळपास जातं. बेकिंग पेपर घातलात तर चिकटत नाहीत, खालची बाजू मात्र जरा फिकी राहते, काय हवं ते ठरवा.

किसून

किसलेला हलूमी पिझ्झ्यावर किंवा पास्ता बेकवर एकटाच टाकलात तर तो पसरणार नाही, नुसते तपकिरी दाणे होतील. निम्मा मोझरेला मिसळा, मग ताणही येईल आणि चवही. सायप्रसमध्ये ओव्हनमधली मॅकरोनी करतात, खाली नळीचा पास्ता, मध्ये खिमा, वर व्हाइट सॉस, त्यात किसलेला हलूमी आणि सुका पुदिना असतो. खिम्याच्या जागी मश्रूम परतून घातले तरी छान होतं, व्हाइट सॉसमध्ये मीठ घालायचा हात तेवढा आवरा.

पण किसलेल्या हलूमीचं सगळ्यात चांगलं काय होत असेल तर तिखटमिठाचा ब्रेड, केकच्या टिनमधला, यीस्ट नाही, मळणं नाही. २५० ग्रॅम मैदा (थोडी कणीक चालेल), अडीच टीस्पून बेकिंग पावडर, एक टेबलस्पून सुका पुदिना, मिरपूड. दुसऱ्या भांड्यात तीन अंडी, दीडशे ग्रॅम दही, शंभर मिली तेल आणि लागेल तसं पाव वाटी दूध फेटून घ्या. एक पाकीट हलूमी जाड किसणीने किसून त्यात घाला, पातीचा कांदा बारीक चिरून, आवडत असेल तर मूठभर ऑलिव्ह. कोरडं ओलं एकत्र करा, फार घोटू नका, पीठ इडलीच्या पिठापेक्षा बरंच दाट असतं. तेल लावलेल्या लांबट टिनमध्ये, वर तीळ, १६० वर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. इथे आच मध्यम चालते कारण किस पिठात लपेटलेला आहे, सुकत नाही, हाही रश्शाच्याच खात्यातला समजा. वरून लवकर लाल झालं तर शेवटची पंधरा मिनिटं फॉइलचा तुकडा सैलसा ठेवा (फॉइलचा एवढा एकच उपयोग इथे). सुरी घालून बघा, कोरडी आली पाहिजे.

सुका पुदिना विकत नाही मिळाला तर पानं धुऊन, पुसून, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि हाताने चुरा. ताज्या पुदिन्याने तो वास येत नाही, भाजला की ताजा पुदिना काळा पडतो आणि गवताची चव देतो.

बिनअंड्याचं करायचं तर अंड्यांऐवजी दही पाऊणशे-शंभर ग्रॅम वाढवा आणि पाव टीस्पून सोडा. जरा घट्ट होईल, फुगेल कमी, पण चहाबरोबर जातं.

याचीच मोठी बहीण म्हणजे फ्लाउना. ईस्टरला सायप्रसमध्ये घरोघरी करतात, यीस्टच्या पिठाची पोळी, तिला तीळ लावलेले, आत किसलेलं चीज, अंडी, रवा, पुदिना, मनुका यांचं सारण आणि कडा वर दुमडून चौकोन. तुर्की सायप्रिऑट लोकही करतात, ते पिलावुना म्हणतात. सारण बरेच जण आदल्या रात्री भिजवून ठेवतात. त्यात जातं ते चीजही खास त्यासाठीच बनवलेलं असतं, नुसत्या दुकानातल्या हलूमीवर करायचं तर सारण फार खारट होतं, थोडं बिनमिठाचं पनीर किसून मिसळावं लागतं. मस्तकी (एक सुगंधी डिंक) आणि माहलेब (एका चेरीच्या बियांमधल्या गराची पूड) घालतात वासाला. हे एक दिवसाचं काम आहे, चार हात असतील तेव्हाच काढा, आणि सोबत कलिंगड ठेवा, कारण कलिंगड आणि हलूमी हा तिकडचा उन्हाळ्यातला ठरलेला जोडा आहे आणि तो ओव्हन न लावताही जमतो.

उरलं तर

भाजलेला हलूमी फ्रिजमधून काढून मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, बाहेर येईल तो चावता चावत नाही. गरम तव्यावर थेंबभर तेलात मिनिटभर, किंवा ओव्हन २०० वर पाच मिनिटं. नाहीतर बारीक चिरून पोह्यांवर, ऑम्लेटमध्ये, कोशिंबिरीत. न शिजवलेला अर्धा ब्लॉक उरला तर मिठाच्या पाण्यात बुडवून डब्यात, चार-पाच दिवसांत संपवा. तेवढ्यात संपणार नसेल तर काप करून फ्रीजरमध्ये टाका, नंतर थोडा भुसभुशीत होतो, म्हणून तो ट्रेवर न घालता रश्शात किंवा ब्रेडमध्ये वापरा.